नोकरी गेली तरी विमा राहावा

नोकरी सुटली की पगार थांबतो, हे सगळेच जाणतात. पण कंपनीच्या गटविम्याचे संरक्षणही बहुधा त्याच दिवशी संपते आणि त्यात बायको-मुलांबरोबर अनेकदा म्हातारे आईवडीलही असतात, याचा विचार कपातीच्या धक्क्यात मागे पडतो. वडिलांना मधुमेह असेल, तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय विमा नियामकाने केली आहे आणि तोवर काढलेला प्रतीक्षाकाळही त्यात धरला जातो. तरतूद चांगली आहे. मात्र अर्ज स्वीकारायचा का आणि किती हप्त्याला, हे तब्येत तपासून ठरवण्याची मुभा विमा कंपनीलाच आहे. म्हणजे ज्याला विम्याची सर्वाधिक गरज, त्यालाच तो मिळण्याची खात्री सर्वांत कमी. म्हणून नोकरी गेलेल्याला पूर्ण हप्ता स्वतः भरून तोच गटविमा निदान वर्षभर चालू ठेवण्याचा कायदेशीर हक्क हवा.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठीच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, त्यामुळे मधे नोकरी गेली तरी उपचार लगेच तुटत नाहीत. तीस हजार मिळवणाऱ्याला मात्र असा एक दिवसही मिळत नाही. ही तफावत मला असमर्थनीय वाटते. अमेरिकेत 1986 च्या ‘कोब्रा’ कायद्यानुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलेल्याला साधारणपणे 18 महिने तोच विमा ठेवता येतो. त्यासाठी त्याला एकूण हप्त्याच्या 102 टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागते. तिथला हप्ता इतका जड असतो की अनेकांना तो झेपत नाही, हा त्या कायद्याचा खरा दोष.

आपल्याकडेही बेकाराने हप्ता कुठून भरायचा, हा आक्षेप रास्त आहे. पण गटविम्याचा हप्ता आईवडिलांसाठीच्या स्वतंत्र पॉलिसीपेक्षा पुष्कळदा कमी पडतो, आणि कर्मचाऱ्याच्या संमतीने तो अंतिम हिशेबातून वळता करता येईल. फक्त आजारीच लोक विमा चालू ठेवतील, ही विमा कंपन्यांची भीतीही निराधार नाही. तरी ही माणसे कालपर्यंत त्याच गटात होती, त्यांची जोखीम धरूनच हप्ता ठरला होता, आणि मुदतही मर्यादितच असेल. प्रत्येकाने आधीच स्वतःची पॉलिसी काढावी, हा सल्ला तरुण व धडधाकट माणसाला लागू पडतो, हृदयविकार झालेल्या आईला नाही. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे, पण तो ठरलेल्या उपचारांपुरता आणि यादीतल्या रुग्णालयांपुरता. हा हक्क येईपर्यंत निदान एवढे सक्तीचे व्हावे: कामावरून काढताना मालकाने विमा कधी संपतो, वैयक्तिक पॉलिसीसाठी कुठे व किती दिवसांत अर्ज करायचा, हे मराठीत लेखी द्यावे, आणि ती मुदत संपेपर्यंत विमा तोडू नये.