परसबागेतली कोळ्याची पिल्लं आणि घरचं 'औषध'



शाळेच्या परसबागेत आम्ही वांगी, सांबार, पालक लावलाय. पावसाळा संपता संपता एक दिवस तिसरीची मुलं ओरडत आली. वांग्याच्या पानाजवळ बारीक ठिपक्यांचा एक पुंजका होता. हात जवळ नेला की सगळे ठिपके धावत सुटायचे! शेजारी पांढरट रेशमी पिशवी आणि तिच्यावर पाय पसरून बसलेली हिरवी कोळीण. ती कोळ्याची नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं होती.

एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, घरी फवारणीचं उरलेलं औषध हाय, आणू का जी?"

खरं सांगते, मला कोळ्यापेक्षा या वाक्याचीच जास्त भीती वाटली. आपला जिल्हा कपाशीचा. घरोघरी कीटकनाशक असतं आणि आपण सगळेच त्याला 'औषध' म्हणतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. तरी आठ वर्षांच्या लेकराला ते औषधच वाटतं. यात चूक त्याची नाही, आपल्या शब्दाची आहे. म्हणून त्या दिवशी मी फळ्यावर आधी 'विष' हा शब्द लिहिला आणि मगच कोळ्याचा पाठ घेतला.

कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे तीन भाग, कोळ्याचे दोन. कोळ्याला पंख नसतात आणि मिशाही नसतात. बहुतेक कोळ्यांकडे विष असतं, पण ते लहानशी शिकार पकडण्यापुरतं. या पिल्लांचे दात तर आपल्या कातडीत शिरण्याइतके मोठेही नसतात. मोठेपणी ती मावा, तुडतुडे, लहान अळ्या खातात. कधी एखादी मधमाशीही खातात, तेही मुलांना सांगायला हवं. पण फवारा मारला की किडीबरोबर किडीला खाणारेही मरतात.

पिल्लं तिथे कायम राहत नाहीत. थोडी मोठी झाली की शेंड्यावर चढतात, पोट वर करून रेशमाचा धागा सोडतात आणि वाऱ्यावर उडून जातात. १८३२ साली चार्ल्स डार्विनने किनाऱ्यापासून सुमारे ६० मैल दूर समुद्रात, बीगल जहाजावर असे उडत आलेले कोळी पाहिले होते. हे ऐकून आमची मुलं रोज प्रार्थनेआधी वांग्याकडे पळायची. पाचव्या दिवशी पुंजका विरळ झाला, नंतर रिकामी पिशवीच उरली. प्रत्येकाच्या वहीत पाच दिवसांची चित्रं तयार झाली. वेगळा प्रकल्प द्यावाच लागला नाही.

१९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार देशापुढे आला. हाताने काम करता करता शिकायचं, हे त्याचं सार. मग परसबाग फक्त पोषण आहाराच्या भाजीपुरती कशाला ठेवायची?

मुलांना नियम मात्र स्पष्ट सांगा: कोणताही कोळी हातात घ्यायचा नाही, वीतभर अंतरावरून भिंगाने बघायचं, नंतर हात धुवायचे.

आणि पालकहो, एक विनंती. फवारणीचा डबा कुलपात ठेवा आणि लेकरांसमोर त्याला विषच म्हणा.