भांडार भरले, मराठीचे काय?

'पेप-वेब' या मनोविश्लेषणाच्या संगणकीय भांडारात आता फ्रॉइडचे मूळ जर्मन लेखन व इंग्रजी भाषांतर ताडून पाहता येते. चित्रफितीही आल्या आहेत. सोय उत्तम, पण वर्गणीदारांपुरतीच! एवढ्यावर 'ज्ञान सर्वांचे झाले' हा जयघोष मला मान्य नाही. गिरीन्द्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषण संस्था स्थापिली, फ्रॉइडशी पत्रांतून मतभेद मांडले; तरी 'स्वप्न' हा ग्रंथ बंगालीतच लिहिला. आमच्या हैदराबादेत १९१७ पासून भाषांतरखात्याने विद्यापीठाचे ग्रंथ उर्दूत आणले. (तिजोरी निजामाची होती, हे खरे.) आपण मात्र स्वप्ने मराठीत पाहणार आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत शोधणार! आपल्या संस्थेने अनुदानाची वाट न पाहता निदान पन्नास संज्ञांचा मराठी कोश याच वर्षी हाती घ्यावा.