सरकारी वकिलाचें कर्तव्य

फौजदारी खटल्यांत आरोपीस शिक्षा मिळवून देणें हेंच सरकारी वकिलाचें काम, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. तो किती अपुरा आहे, हें घाटापलीकडील एका खटल्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल. आम्ही कसाऱ्याचे रहिवासी. जादा इंजिनें जोडून गाडी घाट चढली कीं नाशिक जिल्हा लागतो, म्हणून नाशिकच्या सेशन कोर्टांतील गोष्ट आम्हांस परकी वाटत नाहीं.

जून २००३ मध्यें एका गरीब कुटुंबावर रात्रीं दरोडा पडला. पांच माणसें ठार झालीं, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरची माता व एक मुलगा वांचले. भटक्या जमातींतील सहा इसमांवर खटला भरला गेला. २००६ सालीं सेशन कोर्टानें सहाहि जणांस फांशी सुनावली. २००७ सालीं हायकोर्टानें तिघांची फांशी कायम ठेवून इतर तिघांस जन्मठेप दिली. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सहाहि जणांस फांशीच योग्य ठरविली. एकाहून एक वरिष्ठ अशा तीन कोर्टांनीं पाहिलेलें प्रकरण! आतां शंकेस जागा कोठली, असें कोणीहि म्हणेल.

परंतु घटनेनंतर थोड्याच दिवसांत त्या मातेनें पोलिसांच्या संग्रहांतील गुन्हेगारांचे फोटो पाहून चार इसम ओळखले होते, व तिची जबानी कार्यकारी मॅजिस्ट्रेटानें लिहून घेतली होती. हे चौघे त्या सहांपैकीं नव्हते. त्यांच्यावर खटला झाला नाहीं, आणि ती जबानी फिर्यादी पक्षानें पुढें आणली नाहीं. येथें याज्ञवल्क्यस्मृतींतील व्यवहाराध्याय आठवतो. ठाऊक असूनहि साक्ष न देणाऱ्यास स्मृतिकार खोट्या साक्षीदाराच्याच पंक्तीस बसवितात. पाप तेंच, दंडहि तोच. स्मृतींतील सर्वच वचनें आज चालण्याजोगीं नाहींत, पण हें मात्र कोणत्याहि काळीं चालावें.

अपिलाचें कोर्ट सामान्यतः साक्षीदारांस पुन्हां बोलावीत नाहीं. खालून आलेल्या कागदांवरच निर्णय देतें. जो कागद लपला, किंवा ज्याकडे कोणीं लक्षच वेधलें नाहीं, तो कोर्ट कितीहि वरचें असलें तरी निरुपयोगी. २०१८ सालीं सुप्रीम कोर्टानें आपलाच निकाल मागें घेऊन अपिलें पुन्हां ऐकलीं. ५ मार्च २०१९ रोजीं न्या. सिकरी, न्या. अब्दुल नझीर व न्या. शहा यांनीं सहाहि जणांस निर्दोष सोडलें, प्रत्येकास ५ लाख रुपये देण्याचा सरकारास हुकूम केला, व कसूर करणारे अधिकारी हुडकून काढण्यास सांगितलें. तोंवर सुमारें १६ वर्षें गेलीं होतीं. त्या सहांतील एक जण तर गुन्ह्याच्या वेळीं अज्ञान होता, असें मागाहून ठरलें! आणि त्या मातेस तरी काय मिळालें? तिच्या घराचे खरे वैरी कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

१९७३ च्या फौजदारी संहितेच्या कलम २०७ नें पोलिसांचा अहवाल व जबान्या यांच्या नकला आरोपीस फुकट मिळत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नें त्यास १४ दिवसांची मुदत घातली. पण या नकला बहुधा सरकारपक्षास सोईच्या कागदांच्या! गैरसोईच्या कागदांचें काय? त्यासाठीं सुप्रीम कोर्टानें २०२१ सालीं ठरवून दिलें कीं, ज्या जबान्यांवर व वस्तूंवर सरकारपक्ष विसंबत नाहीं, त्यांचीहि यादी आरोपीस द्यावी. यादी पाहून हवा तो कागद त्यास मागतां येतो.

मागतां येतो खरा, पण मागणार कोण? आमच्या शहापूर-मुरबाडकडील निरक्षर मजुरावर असा प्रसंग आला तर ती यादी त्यास कोण वाचून दाखविणार? आमच्या वाचकांच्या घरीं वकील मंडळी पुष्कळ आहेत. गरिबाचें वकीलपत्र घेतांच त्यांनीं प्रथम ही यादी लेखी अर्जानें मागावी, ती अशिलास मराठींत समजावून सांगावी, आणि ती मिळाली नाहीं तर तसें कोर्टाच्या रोजनाम्यांत नमूद करवून घ्यावें.