कार्ड गिऱ्हाइकाचे, भुर्दंड दुकानदाराला

दिवाळीच्या आधीचा आठवडा. सांगलीच्या गावभागातील आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात यादी देऊन उभा होतो. पुढच्या एका भगिनींचे तेलाचा डबा, साखर, डाळी, रवा, बेसन असे सामान बांधून झाले आणि बिल आठ हजारांच्या घरात गेले. त्यांनी पर्समधून क्रेडिट कार्ड काढले. दुकानदार संकोचाने म्हणाले, “ताई, कार्ड चालेल, पण दोन टक्के वर पडतील.” ताई संतापल्या. मॉलमध्ये कुणी असे मागत नाही, हे नियमात बसत नाही, आम्ही तिकडेच जाऊ, असे बरेच काही बोलल्या. दुकानदारांनी मुकाट्याने बिलाइतक्याच रकमेला कार्ड चालवले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी बँकेने पाठवलेला महिन्याचा हिशेब माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही वर्तमानपत्रात लिहिता ना? हे वाचा एकदा.”

त्यांना लागू असलेला दर २ टक्के. आठ हजारांच्या बिलावर १६० रुपये बँकेने कापून घेतले. त्या १६० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २८ रुपये ८० पैसे. (दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर हा कर नाही. पण सणाचे वाणसामान दोन हजारांत आटोपते कुठे?) एकूण १८८ रुपये ८० पैसे गेले. मशीनचे मासिक भाडे निराळे. तेल, साखर, डाळ या मालावर या दुकानदारांना शेकडा दोन-तीन रुपये सुटतात. म्हणजे दुकान पहाटे उघडून, पोते फोडून, वजन करून, पुडे बांधून जे पदरी पडायचे, त्यातला मोठा हिस्सा कार्ड घासले जाताच नाहीसा झाला.

त्यातही एक मेख आहे. मोठी साखळी-दुकाने बँकेच्या शुल्कावर भरलेला जीएसटी आपल्या देय करातून वजा करून घेतात. आमचे हे दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी ही योजना आहे आणि त्यात अशी वजावट मिळत नाही. शिवाय मोठे दुकान बँकेशी घासाघीस करून दर उतरवून घेते. छोट्याला बँकेचा प्रतिनिधी छापील कागद पुढे करतो आणि सही कुठे करायची ते दाखवतो. ज्याची उलाढाल कमी, त्याला दर जास्त, असा हा उफराटा न्याय आहे.

या शुल्काचे अधिकृत नाव ‘मर्चंट डिस्काउंट रेट’. डिस्काउंट म्हणजे सूट. ही सूट कोण कुणाला देतो? या रकमेतील सर्वांत मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, काही भाग कार्डाचे जाळे चालवणाऱ्या कंपनीकडे आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेकडे. कार्ड देणारी बँक आपल्या वाट्यातूनच ग्राहकाला ‘रिवॉर्ड पॉइंट’ आणि ‘कॅशबॅक’ देते. आपण ज्याला बँकेचे औदार्य समजतो, ते बव्हंशी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या गल्ल्यातून आलेले असते. वाण्याने तो भार मालाच्या भावात मिळवला, तर तो रोख पैसे मोजणाऱ्या मोलकरणीवर आणि हमालावरही पडतो. विमानतळाच्या विश्रामकक्षातील आपला फुकटचा चहा त्यांच्या खर्चाने होतो, हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते?

पूर्वी याच दुकानात आमच्या घराचे खाते होते. महिनाभर सामान न्यायचे आणि एक तारखेला हिशेब चुकता करायचा. ती उधारी दुकानदार स्वतःच्या भांडवलावर, माणूस पाहून देत असे. आता उधारी बँक देते, पण तिचा खर्च अजूनही दुकानदारच सोसतो. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे की त्याचे पैसे बुडत नाहीत आणि बहुधा दुसऱ्या दिवशी खात्यात येतात. रोखीलाही खर्च असतोच. सुट्ट्याची टंचाई, खोट्या नोटा, बँकेतील भरण्यासाठी मोडणारा अर्धा दिवस हे सारे त्याने भोगले आहे. कार्ड वाईट आहे, असे त्याचे म्हणणे नाहीच. शेकडा दोन हा भाव कुणी ठरवला, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

डेबिट कार्डाबाबत या प्रश्नाची दखल घेतली गेली. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये या शुल्कावर कमाल मर्यादा घातली. १ जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती ०.४० टक्के करण्यात आली. २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर हे शुल्क पूर्णपणे रद्द झाले. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. युरोपीय संघाने २०१५ मध्ये कायदा करून कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा क्रेडिट कार्डावर ०.३ टक्के आणि डेबिट कार्डावर ०.२ टक्के इतका मर्यादित केला. त्यामुळे तिथला कार्डव्यवहार बंद पडलेला नाही. मग आपल्याकडेच ही मोकळीक का?

मग सगळे यूपीआयने द्यावे, असे वाचक म्हणतील. बँक खात्यातून थेट दिले तर दुकानदाराला काहीच लागत नाही, हे खरे. पण फुकट काहीच नसते. बँकांची भरपाई सरकार करते. २०२४-२५ साठी त्याकरिता दीड हजार कोटी रुपये मंजूर झाले, त्याआधीच्या वर्षी याच्या दुपटीहून अधिक रक्कम दिली गेली होती. हा पैसाही करदात्याचाच आहे आणि तो आटत गेला तर शुल्काची मागणी पुन्हा डोके वर काढील. त्यातच रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा २०२२ पासून मिळाली. भिंतीवरचा क्यूआर कोड तोच, गिऱ्हाइकाची कृती तीच. छोट्या व्यापाऱ्याला दोन हजारांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे मात्र लागते. पैसे खात्यातून आले की उधारीतून, हे त्याला पैसे जमा झाल्यावरच उमगते.

त्या भगिनी नियमाचे बोलल्या त्यात तथ्य होते. डेबिट कार्डावर असे वरचे पैसे घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि क्रेडिट कार्डासाठी बँकेशी होणाऱ्या करारांत सहसा तसेच बंधन असते. नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण दुकानदाराने वसूल करायचे नाही आणि बँकेने किती कापायचे यालाही सीमा नाही, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही. डेबिट कार्डासाठी लहान व्यापाऱ्याची व्याख्या रिझर्व्ह बँकेने एकदा केलेलीच आहे. तीच व्याख्या, हवी तर उलाढालीचा आकडा वाढवून, क्रेडिट कार्डालाही लावावी आणि कमाल दर निश्चित करावा. व्यापारी संघटनांनीही आपली निवेदने याच एका मागणीवर केंद्रित केली पाहिजेत.

आमच्या घरात दिवाळीनंतर एक बदल झाला. किराणा, भाजी, शिंपी, पुस्तकांचे दुकान इथे पैसे थेट खात्यातून किंवा रोख द्यायचे. कार्ड लागलेच तर रेल्वेच्या तिकिटाला. सूनबाईंनी पॉइंट बुडतील अशी तक्रार केली, पण १८८ रुपये ८० पैशांचा हिशेब ऐकल्यावर त्यांनीच इमारतीतील इतर घरांत तो सांगितला.

दुकानदारांच्या मशीनचा करार मार्चमध्ये संपतो आहे. नवा करार बँकेने पाठवला आहे. चौदा पानांचा, बारीक अक्षरातला, इंग्रजी. सही करण्यापूर्वी मी तो वाचून सांगावा म्हणून त्यांनी माझ्याकडे आणून दिला आहे. दराचा रकाना कोरा आहे.