तिसरी पत्रिका

दिवाळीचे आकाशकंदील उतरले आणि तुळशीचे लग्न लागले, की वऱ्हाडात माणसांच्या लग्नांची गडबड सुरू होते. अकोल्याची जठारपेठ घ्या की अमरावतीची राजापेठ, उपवर मुलगी असलेल्या घरात या दिवसांत फोन वाजला की सारे घर कान देऊन ऐकते. त्यातच एखादा मध्यस्थ सांगून जातो, "पोरगा अमेरिकेत हाये म्हन्तेत, आता आनखी काय पाह्यजे?" आणि घरातल्या सर्वांना वाटते की खरेच, आणखी काय पाहिजे!

अमेरिकेतला मुलगा येतो नाताळाच्या सुटीत, बहुधा तीन आठवड्यांसाठी. पहिल्या आठवड्यात पाहण्याचा कार्यक्रम, दुसऱ्यात साक्षगंध, तिसऱ्यात लग्न. एवढ्या घाईतही दोन पत्रिका मात्र नीट पाहिल्या जातात. गण, नाडी, मंगळ सारे तपासून होते. एक तिसरी पत्रिका असते, ती मागण्याचे कोणाच्या मनात येत नाही, आणि आले तरी धीर होत नाही. मुलगा अमेरिकेत कोणत्या कागदावर राहतो, ही ती तिसरी पत्रिका. नवी सून सासरी महिन्याभरात जाणार, दोन वर्षांनी जाणार, की माहेरी बसून वाट पाहत राहणार, हे त्या कागदावर ठरते. म्हणून यंदाच्या दिवाळीत या सदरात त्याच पत्रिकेविषयी दोन शब्द.

'अमेरिकेतला मुलगा' या दोन शब्दांत तीन निरनिराळे जावई दडलेले असतात.

पहिला अमेरिकेचा नागरिक. त्याच्या पत्नीला तेथील कायदा अगदी जवळची नातलग मानतो. दरसाल अमुक इतकीच माणसे घ्यावयाची, हे बंधन तिला लागू नाही. नवऱ्याने अर्ज करावा, तो मंजूर व्हावा, कागद पुरे व्हावेत आणि मुलाखत व्हावी, असा हा क्रम. यालाही पुष्कळ महिने लागतात. पण तिच्यापुढे रांग नसते.

दुसरा ग्रीन कार्डवाला, म्हणजे कायमचा रहिवासी, पण अजून नागरिक न झालेला. त्यालाही पत्नीसाठी अर्ज करता येतो. मात्र या प्रकारात वर्षाला किती जणांना घ्यावयाचे ती संख्या ठरलेली असल्यामुळे रांग लागते. ती कोठवर आली, हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा प्रसिद्ध करते. रांग कधी भराभर सरकते, कधी वर्षानुवर्षे रेंगाळते, तर कधी चक्क मागेही जाते. तोवर पर्यटक म्हणून नवऱ्याला भेटून यावे म्हटले, तर तो व्हिसाही सहज मिळत नाही. कायमचे राहावयाचा अर्ज ज्या बाईने केला आहे, ती पंधरा दिवसांनी परत येईल यावर अधिकाऱ्याचा विश्वास कसा बसावा? खोटे कारण सांगून जाण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कानाआड करावा. खोटे एकदा नोंदले गेले की पुढचे खरेही अडते. नवरा नागरिक झाला की पत्नी पहिल्या प्रकारात येते खरी. पण नागरिकत्वाचा अर्ज साधारणतः कार्ड मिळून पाच वर्षे होत आल्यावर करता येतो.

तिसरा नोकरीच्या व्हिसावर असलेला, ज्याला एच-वन-बी म्हणतात तो. गंमत अशी, की पत्नीला लवकर नेता येते ती बहुधा यालाच. तिला एच-फोर नावाचा व्हिसा मिळतो. परंतु तेवढ्यावर तिला नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली आहे, तीही मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका ठरावीक टप्प्यावर पोचल्यानंतर. आणि त्या कार्डाची वाट? नोकरीच्या मार्गाने मिळणाऱ्या कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे शेकडा ७ पेक्षा अधिक वाटा नाही. त्यामुळे भारतीयांची मुख्य रांग दहा वर्षांहून लांब झालेली आहे. बडनेऱ्याच्या कॉलेजातून अभियंता झालेल्या मुलीने हे आधी समजून घ्यावे. समजून घेऊन होकार दिला तर तो तिचा निर्णय; तेथे गेल्यावर कळले तर ती फसगत.

आता मुहूर्ताची गोष्ट. समजा, तिसऱ्या प्रकारच्या मुलाचे कार्ड अगदी हाताशी आले आहे. लग्न त्याला कार्ड मिळण्याच्या आदल्या महिन्यात झाले, तर पत्नी त्याच्याच अर्जाची भागीदार ठरते आणि त्याच्याबरोबर किंवा मागाहून कार्ड मिळवू शकते. तेच लग्न कार्ड मिळाल्यानंतरच्या महिन्यात झाले, तर ती दुसऱ्या प्रकारच्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहते. मुलगा तोच, मुलगी तीच, मंगल कार्यालयही तेच; फरक चार आठवड्यांचा, आणि त्याची किंमत काही वर्षांची! "कार्ड हातात येऊ दे, मग थाटात लग्न करू," असे म्हणणारी वडील मंडळी प्रेमापोटीच बोलतात. पण त्या प्रेमाने सुनेचा रस्ता लांबतो. दोन्ही घरांचा निश्चय पक्का असेल, तर नोंदणी विवाह आधी आणि सोहळा मागाहून हाही एक मार्ग आहे. मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे तीन आठवड्यांच्या सुटीवर येणाऱ्या वराने ध्यानात ठेवावे.

हे नियम आहेत तरी असे का, असे कोणी विचारील. अमरावतीत शिकलेले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१७ साली, हिंदुस्थानातून येऊन वसू पाहणाऱ्यांना अमेरिकेने कायद्याने दार लावून घेतले. १९४६ साली ते किलकिले झाले, तेही वर्षाला फक्त १०० भारतीयांपुरते. १९६५ च्या कायद्याने वंश आणि देश पाहून ठरवलेले ते जुने वाटे गेले, आणि कुटुंबाच्या नात्याला मोठा मान मिळाला. आज वऱ्हाडातल्या सुना ज्या दाराने आत जातात ते हेच दार. पण ज्या दाराशी नाते सांगून प्रवेश मिळतो, तेथे नाते खरे असल्याचा पुरावाही मागितला जातो.

पुराव्याची सुरुवात नावापासून होते. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची हौस अजून आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, त्यामागे वडिलांचे. लग्नानंतर दुसरे, त्यामागे नवऱ्याचे. आणि आडनावही निराळे. आपल्या दृष्टीने बाई एकच. परक्या देशाच्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपला कोणताही कायदा नाही. तेव्हा तांदळांवर हवे ते लिहा, कागदावर मात्र एकच नाव ठरवा आणि पारपत्रापासून बँकेपर्यंत तेच ठेवा. बदलावयाचेच असेल, तर अर्ज पाठवण्यापूर्वी सगळीकडे बदलून घ्या. अर्ध्या वाटेत नको.

दुसरा कागद जन्माच्या दाखल्याचा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. त्यामुळे अकोल्यात वाढलेल्या मुलीचा जन्म आजोळी, दर्यापूरला किंवा अचलपूरला नोंदलेला असतो. तोही कित्येकदा बाळाच्या नावाविना, नुसता 'मुलगी' म्हणून! १ एप्रिल १९७० नंतर जन्मलेल्या भारतीयांकडून अमेरिकेची वकिलात हाच दाखला मागते. शाळा सोडल्याचा दाखला तेथे सहसा पुरत नाही. आजोळच्या नगरपालिकेत एक खेप आताच घालावी आणि नाव चढवून घ्यावे.

तिसरा कागद विवाह नोंदणीचा. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करावयाची असते. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार लागतात. महापालिकेतले हे काम वर विमानात बसण्यापूर्वी उरकावे. तो एकदा गेला, की एका सहीसाठी वर्ष वाया जाते.

शिवाय पोलिसांचा निर्वेधतेचा दाखला हवा. त्यासाठी आपल्या भागाचे प्रादेशिक पारपत्र कार्यालय नागपूरला आहे. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. मुलाखत बहुधा मुंबईस, २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात असलेल्या वकिलातीत. म्हणजे अमरावती-मुंबई एक्स्प्रेसने एक रात्र. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला. कागदाचा रस्ता तसा होत नाही. तो एकेक खडी हाताने बसवूनच करावा लागतो.

आणि ही खडी कोणी बसवावयाची? आपल्याकडे बहुधा असे होते, की सारे अर्ज नवरा भरतो, सासरे पाठपुरावा करतात, आणि मुलगी सही करावयास सांगतील तेथे सही करते. ही रीत सोडावी. मुलाखतीच्या खिडकीपाशी ती एकटीच उभी राहते. नवरा कोठे काम करतो, घर कसे आहे, पहिली भेट कोठे झाली, लग्नाला कोण कोण होते, हे तिलाच विचारतात. अर्जात तर वयाच्या सोळाव्या वर्षापासून जेथे जेथे राहिलात तो प्रत्येक पत्ता लिहावा लागतो. पुण्याच्या वसतिगृहाचा आणि अमरावतीच्या भाड्याच्या खोलीचासुद्धा. हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक? त्याने आपल्या प्राप्तिकराचे कागद तिला दाखवावेत, तिने आपले दाखले त्याला. रविवारी सकाळी इकडे चहा आणि तिकडे शनिवारची रात्र, अशा वेळी दोघांनी फोनवर बसून एकेक पान वाचावे. नव्या जोडप्याला चूल मांडावयास अजून घर नसते; तोवर हा अर्ज हाच त्यांचा पहिला संसार. कोण विसराळू, कोण चिडका, पैशाविषयी कोण मोकळेपणाने बोलतो आणि कोण विषय टाळतो, हे त्यात आपोआप कळून येते.

लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, दोन्हीकडच्या नातलगांसह काढलेली छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे, हे सारे जपून ठेवावे. नुसत्या कार्डासाठी केलेले खोटे लग्न हा तेथे पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. म्हणूनच खऱ्या जोडप्यालाही हे प्रश्न सोसावे लागतात.

मुलगी पोचली म्हणजे सारे आटोपले, असेही नाही. लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत ती त्या व्हिसावर तेथे उतरली, तर मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे असते. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करावयाचा असतो. ही तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

येथे एक गोष्ट आईवडिलांनी कान देऊन ऐकावी. 'मी सही केली नाही तर तुला परत जावे लागेल,' असा धाक एखाद्या घरी घातला जातो. तो पुरता खरा नाही. छळ झाला असेल किंवा खरेपणाने केलेले लग्न मोडले असेल, तर पत्नीला नवऱ्याच्या सहीवाचून एकटीने अर्ज करण्याची सोय त्या कायद्यात आहे. पत्नीला बोलावताना तिच्या पोषणाची हमी नवरा सरकारला लिहून देतो, आणि ती घटस्फोटानेही संपत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. याकरिता प्रत्येक कागदाची एक प्रत मुलीजवळ आणि एक माहेरच्या कपाटात असू द्यावी. पारपत्र तर तिच्याच जवळ असावे. हा अविश्वास नव्हे. दागिन्यांची यादी करतोच ना आपण?

राहता राहिला संकोच. "मुलाचा व्हिसा कोणता, असे विचारले तर मंडळींना काय वाटेल?" पगार विचारताना हा संकोच आडवा येत नाही, गोत्र विचारताना येत नाही, मग येथेच का यावा? प्रामाणिक मुलगा चार वाक्यांत उत्तर देईल आणि हवे तर कागद पुढे ठेवील. जो चिडेल त्याच्याविषयी साक्षगंधाआधीच कळलेले बरे. नियम बदलत राहतात, तेव्हा शेवटचा शब्द तेथील जाणत्या वकिलाचा घ्यावा; मध्यस्थाचा नको.

यंदा कोणाच्या घरी अमेरिकेचे स्थळ आले, तर दोन पत्रिका जोतिषाकडे जाऊ द्या. तिसरी मात्र मुलीला स्वतः वाचू द्या, आणि तिचे वाचून होईपर्यंत कार्यालय ठरवू नका.