पुस्तकांची पूजा झाली, वाचन कधी?

विजयादशमीला घरोघरी पाटीवर सरस्वती रेखाटली जाते, ग्रंथांना हळदकुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी ते ग्रंथ कपाटात जातात आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. ज्या समाजाने वाणीला देवता मानले, त्याच्याच सुशिक्षित घरांत वाचनाची ही अवस्था असावी, याला काय म्हणावे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण आनंदोत्सव केला. परंतु दर्जा शासन देऊ शकते; वाचक समाजालाच निर्माण करावे लागतात.

खानदेशाला तर ही उदासीनता मुळीच शोभत नाही. धुळ्यात १९२६ साली ज्यांनी देह ठेवला, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या विषयावर विस्तृत निबंध लिहिला होता. गावोगावची दप्तरे धुंडाळणाऱ्या त्या कठोर संशोधकाला कादंबरी हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटला नाही. १९४४ मध्ये धुळ्यात मामा वरेरकर, १९८४ मध्ये जळगावात शंकरराव खरात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला रवींद्र शोभणे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तिघेही कथा-कादंबरीचे लेखक. मंडप भरले, सत्कार झाले. त्या अध्यक्षांची एक तरी कादंबरी किती घरांत आली, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

‘ललित वाङ्मय वाचून काय मिळणार?’ असा प्रश्न कार्यकर्त्यांमध्येही ऐकू येतो. चरित्रे आणि वैचारिक पुस्तिका आपण वाचतो, ते योग्यच. पण चरित्र आदर्श दाखवते, तर कादंबरी शेजाऱ्याच्या मनात नेऊन सोडते. सरदार सरोवरामुळे सातपुड्यातील अनेकांची गावे पाण्याखाली गेली. त्यांच्या पुनर्वसनाची आकडेवारी अहवालात मिळेल. उठवलेल्या माणसाच्या जिवाची तगमग समजून घ्यायची असेल, तर कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचावी लागेल. विस्थापनाचीच कथा सांगणाऱ्या या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. समाजात काम करणाऱ्याने समाजाचे दुःख जाणून घेणे हा वेळेचा अपव्यय कसा ठरेल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आजचे लेखक आपल्या विचारांचे नाहीत, मग त्यांना का वाचावे?’ यावल तालुक्यातील सांगवीचे सुपुत्र भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ मध्ये ‘कोसला’ लिहून मराठी कादंबरीचे वळण बदलले. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या अनेक मतांशी आपला तीव्र विरोध आहे आणि तो स्पष्टपणे मांडलाच पाहिजे. पण २०१० साली आलेल्या त्यांच्या ‘हिंदू’ या कादंबरीविषयी तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी ती शेवटपर्यंत वाचली आहे? आपल्याच तापीखोऱ्यातील शेती, नातीगोती आणि बोली तिच्यात आहे. पूर्वपक्ष नीट समजून घेतल्यावाचून उत्तरपक्ष मांडायचा नाही, ही या देशाची वादपरंपरा आहे. न वाचता केलेला निषेध त्या परंपरेला धरून नाही. शिवाय तो लेखकाला मोठे करतो आणि आपल्याला लहान.

कादंबरीला खरे उत्तर कादंबरीनेच देता येते. कन्नड लेखक एस. एल. भैरप्पा यांनी ते करून दाखवले. इतिहासलेखनाच्या वादावर मोर्चे काढत न बसता त्यांनी २००७ मध्ये ‘आवरण’ लिहिली. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ती मराठीत आली. महाभारतावरील ‘पर्व’ही त्यांनीच मराठीत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये भैरप्पा गेले. मराठीत त्यांच्या तोलाचे लेखक आपल्याला हवे असतील, तर प्रथम त्यांच्या तोलाचे वाचक व्हावे लागेल. जिथे पुस्तक विकत घेतले जात नाही, तिथे लेखक घडत नाही.

१९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. फराळाच्या ताटाशेजारी साहित्य ठेवणारी ही रीत मराठी माणसाचे भूषण आहे. यंदा ती घराघरांत पुन्हा जागी व्हावी. कापसाचे पैसे हाती आले किंवा बोनस मिळाला की एक दिवाळी अंक आणि एक कादंबरी घरात आलीच पाहिजे. भाऊबीजेच्या ताटात बहिणीसाठी पुस्तक ठेवावे. गावच्या वाचनालयाची वर्गणी भरावी. सुटीत रोज तासभर दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद करून घरातील एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. आणि त्यानंतर खुशाल कडाडून वाद घालावा.

सरस्वतीची खरी आराधना तीच होय.