पॉलिटनेल मागवण्याआधी टेप हातात घ्या

इंग्लंडमध्ये घर घेतलेली आपली मंडळी परसात हौसेने मेथी, कोथिंबीर, मिरची लावतात. मिरचीला इथला उन्हाळा पुरत नाही, म्हणून अनेक जण पॉलिटनेल घ्यायचं मनात आणतात. जरूर घ्या. मात्र आधी जागा मोजा आणि नियम समजून घ्या. उभा केलेला सांगाडा उतरवायची वेळ आली, तर पैसाही गेला आणि हंगामही.

"प्लास्टिक आणि पाइप, हे कसलं बांधकाम?" असं म्हणून हात झटकू नका. सरे परगण्यातल्या एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यावरचे मोठे पॉलिटनेल म्हणजे बांधकामच, असं 2006 साली हायकोर्टाने मान्य केलं.

घरगुती पॉलिटनेलला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. शेड किंवा ग्रीनहाऊसचेच नियम त्याला लागतात. तो घराच्या दर्शनी भिंतीपुढे येऊ नये. शेड, वाढवलेल्या खोल्या असं सगळं धरून मूळ घराभोवतालची निम्म्याहून जास्त जागा व्यापली जाऊ नये.

गफलत होते ती उंचीत. दुपाखी छपराला 4 मीटरपर्यंत मुभा आहे. कमानीच्या छपराला 3 मीटरच. त्यातही टनेलचा एखादा कोपरा जरी हद्दीपासून 2 मीटरच्या आत आला, तरी अख्ख्या टनेलची उंची 2.5 मीटरच्या आत ठेवावी लागते. अरुंद परसात बहुधा हाच नियम आडवा येतो. सांगाडा लाकडी चौकटीवर चढवणार असाल, तर तिचीही उंची धरा. जमीन उताराची असेल, तर टनेललगतच्या सर्वांत उंच जागेपासून मोजा.

फ्लॅटवाल्यांना ही सवलत नाही. घर संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत असेल, तर परवानगी घ्यावीच लागते. संवर्धन क्षेत्रात घराच्या बाजूला टनेल उभारायचा असेल, तरीही तेच. काही नव्या वसाहतींत ही मुभा आधीच काढून घेतलेली असते. घराची कागदपत्रं काढून बघा. अलॉटमेंटवर जागेच्या मालकाचे नियम वेगळे असतात, तिथे आधी विचारा. स्कॉटलंड, वेल्समध्येही नियमांत फरक आहे.

शंका राहिली तर कौन्सिलच्या प्लॅनिंग विभागाला मापांसह साधा नकाशा पाठवून विचारा. पक्का कागद हवा असेल, तर फी भरून कायदेशीरपणाचं प्रमाणपत्र मिळतं. पुढे घर विकताना ते कामी येतं. शेजाऱ्यांनाही आधीच सांगा. एवढं झालं, की खुशाल ऑर्डर द्या.